लाइफ इज स्वीट: ही बाई इतकी हसते का?

भाकरवडी

माइक लीचा 'लाइफ इज स्वीट' (१९९०) परवा एकदाचा पाहून झाला. इथेच कुणीतरी 'ब्रिटिश ब्लॅक कॉमेडी आहे, चुकवू नका' म्हणून सुचवला होता. नवऱ्याला आग्रहाने बसवलं, तर तो अर्ध्या तासात उठून भांडी घासायला गेला. आमच्या घरात सिनेमावर याहून कडक शेरा नाही.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात (पुढे सगळं फोडलंय, नंतर बोंब मारू नये). लंडनच्या उत्तर टोकाला, एनफील्डमध्ये राहणारं कामगार वर्गातलं चौघांचं कुटुंब. बाप अँडी एका मोठ्या कॅटरिंगवाल्यांच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी. आई वेंडी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात काम करते, शिवाय चिल्ल्यापिल्ल्यांचा नाचाचा क्लास घेते. जुळ्या मुली. नॅटली प्लंबर, आपण बरं की आपलं काम बरं. निकोला काहीच करत नाही. दिवसभर सिगारेटी ओढत, तोंड वेंगाडत घरच्यांना 'भांडवलशहा', 'फॅसिस्ट' म्हणत बसते आणि रात्री दार लावून, बॅगेत दडवलेली चॉकलेटं बकाबका खाऊन ओकते. पलीकडच्या खोलीत नॅटली ते ऐकत पडलेली असते. गोष्ट म्हणावी तर एवढीच, की अँडी पबमधल्या एका दोस्ताकडून खाण्याची मोडकी गाडी विकत घेतो आणि ऑब्री नावाचा त्यांचा मित्र रेस्टॉरंट काढतो.

आता प्रश्न. वेंडी जवळजवळ सिनेमाभर खिदळत असते. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक हसू. पहिला तासभर मला तिला धरून 'पुरे गं बाई' म्हणावंसं वाटत होतं. मग तिचा आणि निकोलाचा तो खोलीतला प्रसंग आला आणि मी गपगार झाले. तर हे हसणं नक्की काय आहे? खरंच आनंदी बाई आहे, की वेड पांघरलंय? आणि हा सिनेमा विनोदी का म्हणायचा?

कढीपत्ता

नवऱ्याचा धागा वेगळा काढा. सिनेमा न आवडल्यावर भांडी घासणारे नवरे कुठे मिळतात?

मिसळ_मॅडम

+१. आमचे हे सिनेमा आवडला नाही की झोपतात. आवडला तरी झोपतात.

टवाळभैरव

मला तर हा हॅरी पॉटरचा शिक्षक मेळावा वाटला. जिम ब्रॉडबेंट (इथला अँडी) म्हणजे स्लगहॉर्न, डेव्हिड थ्यूलिस (निकोलाचा प्रियकर) म्हणजे ल्युपिन, आणि टिमथी स्पॉल (ऑब्री) तर साक्षात वर्मटेल! ल्युपिन सरांनी निकोलाच्या छातीवर चॉकलेट फासून चाटण्याचा प्रकार पाहिल्यावर माझं बालपण संपलं.

इंद्रधनू

हसून हसून पुरेवाट! पण टवाळा, तोच प्रसंग मला फार बोचला. निकोलाला तो चॉकलेटचा खेळ हवाय, आणि त्या पोराला हवंय की हिने आपल्याशी नीट दोन शब्द बोलावेत. दिवसभर स्त्रीमुक्तीच्या घोषणा देणाऱ्या मुलीला तिचा प्रियकर म्हणतो, बोल ना जरा, आणि हिच्याकडे बोलायला काही नसतं. त्याला सिनेमात नावसुद्धा नाही. थ्यूलिसला एवढीशी भूमिका होती, पण लीच्या पुढच्याच सिनेमात तो नायक झाला आणि १९९३ साली कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेता ठरला.

ठाणेकर_काका

भाकरवडीताई, धागा चांगला काढलात. हा सिनेमा मी खूप पूर्वी एका फिल्म क्लबात पाहिला होता. प्रत धुवट, आवाज गुहेतून आल्यासारखा, आणि त्या एनफील्डच्या इंग्रजीतलं आम्हाला निम्मंच कळत होतं. तरीही लोक हसत होते.

काळ लक्षात घ्या. थॅचरबाई १९७९ पासून सत्तेवर होत्या, पायउतार झाल्या नोव्हेंबर १९९० मध्ये. १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. त्यावर सरकारचा एक उतारा असा की नोकरी नसेल तर धंदा काढा. तशी योजनाच होती. बेकाराने स्वतःचे हजार पौंड उभे करून दाखवायचे, मग वर्षभर आठवड्याला चाळीस पौंड भत्ता. प्रत्येक जण उद्योजक होणार, ही त्या दशकाची हवा. अँडीची गाडी आणि ऑब्रीचं रेस्टॉरंट त्याच हवेत आलेत. सिनेमात कुणी थॅचरचं भाषण ऐकत नाही की मोर्चा काढत नाही. दारात एक गंजका खटारा येऊन उभा राहतो, एवढंच. लीने राजकारण तिथे ठेवलंय.

अडाणी_आनंदी

काका, मुद्दा पटला पण मला एक सांगा, यांना कामगार वर्ग कसं म्हणायचं? बाहेर गाडी, मागे बाग, मुलींना वेगवेगळ्या खोल्या. नॅटली अमेरिकेला सुट्टीवर जायची स्वप्नं बघतेय. आमच्या डोंबिवलीत याला बंगलेवाले म्हणतात.

हॅरोवाली

अडाणी, इथे लंडनला आल्यावर मलाही पहिली काही वर्षं हाच प्रश्न पडायचा. घर पाहून इथे वर्ग कळत नाही. लंडनच्या कडेकडेने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशी जोडघरं हजारोंनी बांधली गेली आणि त्यात कारकून, कुशल कामगार, बसचालक असे सगळेच राहायला आले. वर्ग ठरतो तो बाप काय करायचा, शाळा कोणती आणि तोंड उघडल्यावर उच्चार कसे निघतात यावर. माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर. वडील छपाईखान्यात कामाला होते. आजही स्वतःला कामगार वर्गातलेच म्हणवतात, आणि कुणी हसत नाही.

एनफील्ड माझ्या नेहमीच्या रस्त्यावर नाही, पण गेलेय. ली नदीच्या खोऱ्यात एके काळी कारखानेच कारखाने होते. तिथला सरकारी बंदुकांचा कारखाना १९८८ मध्ये बंद झाला, म्हणजे हा सिनेमा येण्याच्या दोनच वर्षं आधी.

टवाळभैरव

एनफील्ड! म्हणजे १८५७ च्या काडतुसांवाली रायफल? मंगल पांडे कनेक्शन निघालं की राव.

बुलेटराजा

आणि आमची बुलेट! रॉयल एनफील्ड.

ठाणेकर_काका

बुलेटराजा, तुमची गाडी एनफील्डला बनत नव्हती हो, रेडिचला. त्या कंपनीला एनफील्डच्या बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं कंत्राट मिळालं, म्हणून ते नाव घेतलं. जाता जाता, एटीएम यंत्रही पहिल्यांदा एनफील्डच्याच एका बँकेत बसलं, १९६७ साली.

भाकरवडी

काका, गाडी रुळावर आणा! :) वेंडी का हसते?

खानावळवाला

मी पाहिलाय, आणि या धाग्यावर माझा हक्क आहे कारण माझा धंदाच हा. चाकणला एका कारखान्याचं कँटीन चालवतो. तीन पाळ्या.

अँडीचं स्वयंपाकघर लीने अगदी बरोबर दाखवलंय. मोठ्या प्रमाणावर अन्न करणाऱ्या माणसाला 'काय चविष्ट' असं कुणी म्हणत नाही. वेळेवर गेलं आणि कुणी आजारी पडलं नाही, की झालं. अँडी वाईट आचारी नाही. कामात चोख आहे, हाताखालच्यांना दटावतो, आणि वीसेक वर्षं तेच करून त्याचा जीव विटलाय. म्हणून तो खटारा त्याला दिसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मी आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाहिलीय. स्वतःची गाडी. स्वतःचा तवा. कुणी साहेब नाही. मग त्या गाडीच्या कळकट शेगड्या, गंजलेला पत्रा, चिकट भांडी, काही दिसेनासं होतं. विकणारा पॅट्सी सराईत आहे. त्याला माहितीय की हा माणूस गाडी विकत घेत नाहीये, नोकरी सोडण्याचा विचार विकत घेतोय.

आणि चमचा! अँडी कामावर चमच्यावरून घसरतो आणि घोटा मोडतो. प्रेक्षक हसतात. आमच्या धंद्यातला माणूस हसत नाही. ओल्या फरशीवर पडलेली डाव, पळी, चमचा, काहीही आणि खेळ खलास. मी रोज पाळी सुरू होताना खाली बघा म्हणून ओरडतो ते काय उगाच?

लंबूटांग

खानावळवाले, ऑब्रीच्या मेनूवर तुमचं तज्ज्ञ मत येऊ द्या.

खानावळवाला

जॅम सॉसमध्ये कोळंबी. बिअरमध्ये शिजवलेली कलेजी. लिचीच्या गादीवर लाल सॉसेज. वजडीचा सुफ्ले. मत काय देणार, हात जोडले.

पण एक सांगतो, यातला एकही पदार्थ आळसातून आलेला नाही. त्या माणसाने रात्री जागून विचार केलाय. फ्रेंच हॉटेलात लोक न कळणारं काहीतरी खातात, एवढं त्याने कुठून तरी पाहिलंय आणि त्यावरून स्वतःचं शास्त्र रचलंय. नाव 'रिग्रे रियां', फ्रेंच गायिका एडिट पियाफच्या गाण्यावरून. भिंतीवर काय काय टांगलंय. उद्घाटनाच्या रात्री एकही गिऱ्हाईक येत नाही.

कढीपत्ता

श्रीखंडात सुकट.

मिसळ_मॅडम

पुरणपोळीच्या गादीवर बोंबील, वरून कटाची आमटी शिंपडून.

टवाळभैरव

हसू नका, पुण्यात एखाद्या कॅफेत हे पुढच्या महिन्यात साडेसहाशेला मिळेल. लाकडी फळीवर.

रातकिडा

मला हा सिनेमा आवडला नाही, आणि सगळे इतके प्रेमाने बोलतायत म्हणून मुद्दाम लिहितोय.

ऑब्री हे पात्र नाही, टिंगल आहे. जाड, घामट, मोठाले चश्मे, फ्रेंचचा भुसा. प्रेक्षकाने त्याच्याकडे बघून 'शी, काय हे लोक' म्हणावं म्हणूनच तो आहे. शहरी सुशिक्षित माणसाला खालच्या थरातल्या माणसाची महत्त्वाकांक्षा नेहमीच विनोदी वाटते. आणि हा आरोप माझा एकट्याचा नाही. लीच्याच 'ॲबिगेल्स पार्टी'वर १९७७ साली नाटककार डेनिस पॉटर यांनी हेच झोडलं होतं, की हे नाटक निम्न मध्यमवर्गाकडे तुच्छतेने बघतं. पॉटर स्वतः खाणकामगाराचा मुलगा. त्यांना वास आला असेल तर उगाच नाही. ली साहेब डॉक्टरांचे चिरंजीव.

तुमची वेंडीही तसलीच. हसरी, कष्टाळू, मोठ्या मनाची कामगार माऊली. दोन टोकं आहेत, एक थट्टेचं आणि एक पूजेचं. माणूस मध्ये कुठेतरी असतो.

लंबूटांग

रातकिडा, डॉक्टरांचे चिरंजीव खरे, पण वाढले सॅलफर्डमधल्या कामगार वस्तीत. वडिलांचा दवाखाना कुणासाठी होता असं वाटतं?

आणि लीची पद्धत बघ. लिखित पटकथा घेऊन तो कामाला सुरुवातच करत नाही. एकेका नटाला घेऊन महिनोन्महिने बसतो, पात्र कुठे जन्मलं, काय खातं, कुणावर चिडतं हे त्या नटाबरोबर शोधतो. नटाला आपल्या पात्राला जेवढं ठाऊक, तेवढंच ठाऊक असतं. मग प्रसंग उत्स्फूर्त करून बघतात, त्यातून संवाद पक्के होतात आणि चित्रीकरणाच्या वेळी ते काटेकोर बोलले जातात. म्हणजे ऑब्री जसा आहे तसा तो स्पॉलनेही घडवलाय. स्पॉल स्वतः लंडनच्या बॅटरसीतल्या कामगार घरातला. तो आपल्याच गल्लीतल्या माणसाची टिंगल करतोय असं म्हणायचंय का?

रातकिडा

आपल्याच गल्लीतल्याची टिंगल आपण सर्वांत उत्तम करतो. हा काही बचाव नाही.

अडाणी_आनंदी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निमूट

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या धाकट्या बहिणीला निकोलासारखाच खाऊन ओकण्याचा आजार होता. आम्हाला नाव माहीत नव्हतं. जेवण झालं की ती बेसिनचा नळ सोडायची, आणि तो खूप वेळ वाहत राहायचा. आई ओरडायची की पाणी वाया घालवू नकोस. एवढंच आमच्या घरात त्याविषयी बोललं गेलं, बरीच वर्षं.

म्हणून सिनेमातली नॅटली मला जास्त जवळची. भिंतीपलीकडून आवाज येतोय, ती छताकडे बघत पडलीय, आणि सकाळी पुन्हा 'चहा घेणार का?' तिला सगळं कळतंय आणि ती गप्प आहे. लोक म्हणतात ती किती समंजस मुलगी. मला नाही वाटत. घाबरलेली असते अशी मुलगी. शेवटी मागच्या अंगणात ती बहिणीला सांगते, आईबाबांना सांगून टाक. आणि मग विचारते, तुला पैसे हवेत का? हे दुसरं वाक्य ज्याला सुचलं त्याला बहिणी म्हणजे काय ते कळलंय. जवळ घेणं, रडणं, ते आमच्यात नसतं. पैसे हवेत का, विचारतो.

जेन हॉरक्सने निकोलाचं जे केलंय, ते सगळं, ती मान, ते ओठांचं वेडंवाकडं होणं, सुरुवातीला मला हसू आलं होतं. बहिणीबरोबर पाहिला हा सिनेमा. ती आता बरी आहे. ती पूर्ण वेळ हसत होती.

इंद्रधनू

निमूट, _/\_ लिहीत जा.

भाकरवडी

निमूट, तुमचं वाचून नॅटलीसाठी पुन्हा बघणार.

हॅरोवाली

निमूटनंतर काही लिहिणं अवघड आहे, पण मूळ प्रश्नाकडे येते.

मी दुसऱ्यांदा बघताना एक गंमत केली. वेंडी कुठे कुठे हसत नाही ते पाहिलं. उद्घाटनाच्या रात्री ती मैत्रीखातर ऑब्रीच्या हॉटेलात वाढायला जाते. गिऱ्हाईक नाही. तो पितो, खुर्च्या-टेबलं उधळतो, कपडे काढतो, तिच्या अंगचटीला येतो आणि आडवा होतो. तोवर ती समजावणं, दरडावणं, सांभाळणं सगळं करते. रात्री घरी येते तर इकडे नवरा त्या खटाऱ्यात पिऊन पडलेला. एकाच रात्री दोन उद्योजक, दोघेही लोळतायत, आणि आवरायला ही एकटी! त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नाही.

दुसरी जागा अर्थात निकोलाच्या खोलीतली. निकोला म्हणते तुम्ही सगळे माझा द्वेष करता. तेव्हा वेंडी सांगते की तू दवाखान्यात होतीस, डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते. निकोलाला हे माहीतच नसतं! म्हणजे एवढी मोठी गोष्ट आईने गिळून टाकली आणि वर ही-ही-ही करत चहा देत राहिली. बाप नावडत्या नोकरीत का राबतो तेही ती तेव्हाच बोलते. ॲलिसन स्टेडमनचा आवाज तिथे बदलतो, पण ती रंगमंचावरच्यासारखी कोसळत नाही. दाराशी उभी राहून, जवळजवळ वैतागून सांगते. घरात असंच सांगतात.

त्यामुळे मला वाटतं ते हसणं हे तिचं तिसरं काम आहे. दुकान, नाचाचा क्लास आणि हे. पहिल्याच दृश्यात बघा ना, ती छोट्या मुलांना नाचवतेय, त्यांना चुकलं तरी मजा वाटली पाहिजे म्हणून ओरडून ओरडून उत्साह आणतेय. तेच घरी येऊन करते. पगार फक्त एकाच ठिकाणी.

मिसळ_मॅडम

पगार बहुतेक दोन ठिकाणी, क्लासचाही मिळत असेल. पण बाकी शंभर टक्के.

ठाणेकर_काका

हॅरोवाली, फार छान. थोडी पुस्ती: अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने १९९१ चा उत्कृष्ट सिनेमा म्हणून हाच निवडला, स्टेडमनना उत्कृष्ट अभिनेत्री आणि हॉरक्सना सहायक अभिनेत्री. त्या वेळी स्टेडमन आणि ली हे नवरा-बायको होते, बरं का.

टवाळभैरव

म्हणजे ती घरीही नवऱ्याच्या विनोदावर हसत असणार आणि सेटवरही. चौथं काम.

खानावळवाला

हॅरोवालीताईंशी थोडं असहमत. ती कामच करतेय असं म्हटलं की तिची मजा आपण काढून घेतो. अँडी तिला हसवतो हो! गाडी आल्यावर ती आधी झापते, टोमणे मारते, पण त्या दोघांची एकमेकांना चिडवायची जी लय आहे ती नाटकी नाही. इतकी वर्षं लग्नाला होऊन दोघांना एकमेकांचे टुकार विनोद चालतात. माझ्या बायकोला माझे चालत नाहीत, म्हणून मला ते नेमकं दिसलं असेल.

हॅरोवाली

दोन्ही असू शकतं की. मजाही येते आणि दमायलाही होतं.

लंबूटांग

आणि यातूनच रातकिड्याला उत्तर मिळतं असं मला वाटतं. सिनेमात जे स्वतःविषयी ठरवून काहीतरी आहेत, ते हास्यास्पद होतात. ऑब्री म्हणजे मोठा शेफ, निकोला म्हणजे क्रांतिकारक, पॅट्सी म्हणजे धंदेवाला. नॅटली संडासाची पाइपं दुरुस्त करते आणि संध्याकाळी पबात खेळायला जाते, तिच्यावर एकही विनोद नाही. लीचं लक्ष्य गरिबी किंवा वर्ग नाहीच. दुसऱ्याकडून उसनं आणलेलं सोंग आहे.

रातकिडा

नॅटलीचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण सोंग उसनं का आणावं लागतं, हे ठाणेकर काकांनी वर सांगितलंच. आठवड्याला चाळीस पौंड देऊन 'हो उद्योजक' म्हणणारे कुणी दुसरेच होते. त्यांच्यावर या सिनेमात विनोद नाही. केन लोचने तरी तो राग दाखवला असता.

कढीपत्ता

लोचचा 'रेनिंग स्टोन्स' पाहा मग, १९९३. मँचेस्टरजवळचा बेकार बाप, मुलीला चर्चच्या समारंभासाठी नवा कोरा झगा घ्यायचाय. सुरुवातीलाच दोघे मित्र माळावर जाऊन मेंढी पळवतात आणि ती विकायला पबमध्ये जातात, तर बाहेर त्यांची व्हॅनच चोरीला. हसता हसता पोटात गोळा येतो.

भाकरवडी

मेंढी पळवतात? मग हा नवऱ्याला चालेल. सगळ्यांना धन्स. खानावळवाले, तुमचा स्वतःची गाडी काढायचा विचार नाही ना?

खानावळवाला

बायको हा धागा वाचते.

रातकिडा

मेंढीवाला मी पाहिलाय, भारी आहे. ऑब्री मात्र अजूनही पटलेला नाही.